संगीत कोणाच्या हातात द्यायचं? समुपदेशनातल्या ‘जुळवून घेणाऱ्या’ संगीताबद्दल

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: समुपदेशन सुरू करून तीन वर्षं झाली. येणारे बहुतेक जण विशी-पंचविशीतले, चिंतेने किंवा उदासीने बेजार झालेले. त्यातले काही सेशनमध्ये गप्प होतात आणि तास तसाच निघून जातो. मनगटावरच्या पट्ट्यातून हृदयाचे ठोके वाचून त्याप्रमाणे संगीत बदलणारी एक सिस्टीम तुमच्या पाहण्यात आली आणि तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. ती वापरावी का, कोणती घ्यावी, स्वतः संगीत शिकलेलं नसलं तर चालेल का, आणि ऑनलाइन सेशनमध्ये जमेल का.

मी हे काम सतरा वर्षं करतेय. सेशनमध्ये संगीत आणायला लागून सात वर्षं झाली असतील. आधी साधी प्लेलिस्ट होती, मग सेन्सरवाली सिस्टीम आली, आणि आता त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी चालतं. म्हणजे मी पुढे जाऊन थोडी मागे आलेय. हे आधीच सांगते, कारण माझं उत्तर त्या मागे येण्यातूनच आलंय.

‘कोणती घ्यावी’ हे सध्या बाजूला ठेवा. त्याच्या आधीचा प्रश्न असा: सेशन चालू असताना संगीत बदलायचं हे ठरवणार कोण? यंत्र, तुम्ही, की समोर बसलेली व्यक्ती? सिस्टीम विकणारे हा प्रश्न येऊच देत नाहीत. त्यांच्या मांडणीत यंत्र ऐकतं, यंत्र बदलतं आणि माणूस शांत होतो. पण समोरच्याला शांत करणं हे दर वेळी आपलं काम असतं का? पॅनिकच्या काठावर असलेल्या माणसासाठी असतं. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा राग ओळखू लागलेल्या मुलीला मात्र त्याच क्षणी गार करून टाकणं म्हणजे तिच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं आहे. यंत्राला हा फरक कळत नाही. तो कळावा अशी अपेक्षाही नाही, फक्त तो आपण विसरायचा नाही.

ऐकणाऱ्याप्रमाणे बदलणारं संगीत ही कल्पना तशी जुनी. १९४०च्या दशकात आयरा आल्टशुलर या मनोविकारतज्ज्ञाने ‘आयसो’ तत्त्व मांडलं. माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणाऱ्या संगीताने सुरुवात करायची आणि मग थोडं थोडं करत हव्या त्या दिशेला न्यायचं. रडवेल्या माणसापुढे उड्या मारणारं गाणं लावलं की तो अधिकच एकटा पडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुढे १९५९पासून पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करू लागले. नॉर्डॉफ पियानोवर बसायचे आणि मुलाच्या ओरडण्याला, ढोल बडवण्याला, गप्प बसण्यालाही तिथल्या तिथे सुरांत उत्तर द्यायचे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर, जुळवून घेणारी सिस्टीम म्हणून त्याहून चांगली अजून कोणी बनवलेली नाही.

तंत्राची बाजू बरीचशी व्हिडिओ गेममधून आली. १९९१मध्ये लुकासआर्ट्सच्या एका गेममध्ये ‘आयम्यूज’ ही पद्धत वापरली गेली. खेळाडू एका जागेतून दुसरीकडे गेला की संगीत न तुटता वळण घ्यायचं. आजच्या बहुतेक सिस्टीम त्याच दोन युक्त्यांवर चालतात. एक, रचना वेगवेगळ्या लेयरमध्ये, म्हणजे एकावर एक वाजणाऱ्या आवाजांच्या थरांमध्ये ठेवायची आणि प्रसंगाप्रमाणे एखादा लेयर वर आणायचा किंवा काढून घ्यायचा. दोन, रचनेचे तुकडे करून ते वेगवेगळ्या क्रमाने जोडायचे. काही सिस्टीम नियमांवरून किंवा एआय मॉडेलकडून सूर तिथल्या तिथे तयार करतात. सेशनमध्ये बसून ऐकताना मला यात फार मोठा फरक जाणवलेला नाही. फरक पडतो तो बदल कशावरून होतो याने.

तेव्हा पट्ट्याकडे येऊ. बहुतेक पट्टे त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतात आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर तो किती शोषला जातो त्यावरून ठोके मोजतात. दोन ठोक्यांमधलं अंतर कायम थोडं कमी-जास्त होत असतं, त्या चढउताराला एचआरव्ही म्हणतात. त्याच्या मोजणीचे निकष युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी १९९६मध्ये मांडले, त्यात कमी वेळाची नोंदसुद्धा ५ मिनिटांची धरलेली आहे. म्हणून तीस सेकंदांत ‘ताण: ६२’ असा आकडा दाखवणाऱ्या स्क्रीनकडे मी जरा तिरकंच बघते. पट्टा सैल असला, बोटं गार पडलेली असली, माणूस जिना चढून आलेला असला किंवा नुकतीच कॉफी झालेली असली, तरी आकडे हलतात. बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद ठेवणारं औषध घेणाऱ्याचे ठोके भीती वाटतानाही फारसे चढत नाहीत. नैराश्यावरच्या काही औषधांनी, विशेषतः जुन्या ट्रायसायक्लिक गटातल्या, एचआरव्ही खाली येतो. क्लायंट कोणती औषधं घेतोय हे तुम्हाला माहीत असतं, पट्ट्याला माहीत नसतं.

आणि हे सगळं अगदी अचूक मोजलं गेलं तरी मूळ अडचण राहतेच. १९८०मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी भावनांचा नकाशा दोन अक्षांवर मांडला होता. एका अक्षावर शरीर किती चेतलेलं आहे, दुसऱ्यावर ते वाटणं सुखद आहे की दुःखद. हृदयाच्या ठोक्यांवरून पहिल्या अक्षाचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्याबद्दल मनगट जवळजवळ मुकं असतं. भीतीने धडधडणारं हृदय आणि आवडत्या माणसाचा फोन आल्यावर धडधडणारं हृदय पट्ट्याला सारखंच. त्याच न्यायाने, ठोके खाली आले म्हणजे मन निवलं असंही नाही. कॅमेऱ्याने चेहरा वाचून भावना ओळखणाऱ्या सिस्टीमबद्दल माझा भरवसा याहून कमी आहे. भुवया जवळ आणून लक्षपूर्वक ऐकणारे कितीतरी क्लायंट माझ्याकडे येतात, त्यांना ती बिनदिक्कत ‘रागावलेले’ ठरवून मोकळी होईल.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरं झालं असतं. शिकले ते एका चुकीतून. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. पंचविशीच्या आतबाहेरची एक मुलगी, वडिलांच्या आजारपणाच्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोलत होती. सिस्टीम नवी होती आणि मीही तिच्या प्रेमात होते. मुलीचे ठोके सुरुवातीला ९६ होते. संगीत त्या लयीला जाऊन भिडलं आणि हळूहळू उतरायला लागलं. ८८, ८०, ७१. स्क्रीनचा रंग नारिंगीचा निळा झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दहाएक मिनिटांनी विचारलं, “आता कसं वाटतंय?” तिने जरा उशिराने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मी इथे नव्हतेच.”

तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. पर्सचा बंद तिने बोटांना गुंडाळून इतका आवळला होता की बोटांची टोकं पांढरी पडली होती. ते किती वेळ तसं होतं मला सांगता येत नाही, कारण मी स्क्रीन पाहत होते. ती शांत झाली नव्हती, बधिर झाली होती. आठवण झेपेना तेव्हा मन जसं खोलीतून निघून जातं, तसं झालं होतं. यंत्राने त्या निघून जाण्यालाच यश समजून आणखी मऊ, आणखी संथ सूर वाजवले आणि तिला अजून लांब नेलं. त्या दिवशी उरलेला वेळ तिला परत आणण्यात गेला. पाय जमिनीवर टेकव, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं सांग, हे सगळं. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपलं काम अनुभवी समुपदेशकापुढे ठेवतो त्या बैठकीत, मी हे मांडलं तेव्हा एकच प्रश्न आला: “संगीत बदललं त्या क्षणी तू तिला काही विचारलंस का?” विचारलं नव्हतं. एकदाही नाही.

तेव्हापासून माझ्या पद्धतीत दोन गोष्टी बदलल्या. स्क्रीन क्लायंटच्या आणि माझ्या दोघांच्याही नजरेआड गेली. आणि सिस्टीमचा आपोआप बदलण्याचा अधिकार काढून घेतला. आता ती मला फक्त खूण करते, एक छोटा दिवा लागतो. मग मी थांबते आणि विचारते, “मला वाटतं इथे काहीतरी हललं. तुम्हाला जाणवलं का? संगीत असंच राहू दे की बदलू?” कधी उत्तर येतं, “हो, जरा हलकं वाटलं.” कधी येतं, “नाही, उलट राग येतोय.” हे दुसरं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं. सेन्सर म्हणतो शांत आणि माणूस म्हणतो राग, ही फट सापडली की समुपदेशनाला कामाला लागायला जागा मिळते. सगळं गुळगुळीत जुळून गेलं असतं तर ती फट आम्हा दोघांनाही दिसली नसती.

तुमच्या गप्प होणाऱ्या क्लायंटसाठी तर मी सेन्सरही वापरणार नाही. त्यांच्या हातात स्लायडर द्या. माझ्याकडे एक छोटा कंट्रोलर आहे, चार स्लायडरचा. प्रत्येक स्लायडरवर एक लेयर. पहिल्यावर तानपुऱ्यासारखा अखंड सूर, दुसऱ्यावर संथ धून, तिसऱ्यावर साधा ताल, चौथ्यावर पावसाचा आवाज. सूर आणि धून एकाच पट्टीत, धून आणि ताल एकाच लयीत बांधलेले, त्यामुळे कसेही मिसळले तरी बेसूर होत नाही. प्युअर डेटासारख्या मोफत सॉफ्टवेअरवर किंवा कुठल्याही साध्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर हे बसतं. ‘कोणती घ्यावी’ याचं माझं पहिलं उत्तर हेच: आधी हे करून बघा, विकत घ्यायचं नंतर ठरवा.

बावीस वर्षांचा एक मुलगा होता. चार सेशन ‘ठीक आहे’ आणि ‘माहीत नाही’ यांच्यापलीकडे गेलाच नव्हता. पाचव्या सेशनला स्लायडर पुढे केले आणि म्हटलं, आजचा दिवस जसा आहे तसं करून दाखव, बोलायची गरज नाही. त्याने सगळ्यात आधी ताल पूर्ण बंद केला. मग पाऊस वर. धून अर्ध्यावर ठेवली, पुन्हा खाली घेतली. पुढच्या वेळी तेच, आधी ताल बंद. तिसऱ्या वेळी मी विचारलं, तो ताल अगदी बारीक, ऐकू येईल न येईल इतका ठेवला तर? त्याने स्लायडर केसभर वर सरकवला, तीन-चार सेकंद ऐकलं आणि खटकन खाली ओढला. “कोणीतरी जिना चढून येतंय असं वाटतं,” तो म्हणाला. कोण, हे सांगायला त्याला आणखी दोन सेशन लागली. पण जिना आला होता. आमच्यात बोलायला एक वस्तू आली होती, आणि ती त्याने स्वतः आणली होती.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. काही जण स्लायडरशी चाळा करत बसतात, बोलणं टाळायला चांगलं खेळणं मिळतं त्यांना. दोन सेशन तसं झालं की मी तेही बोलून दाखवते आणि कंट्रोलर कपाटात जातो.

आता प्रत्यक्ष वापराचं. पहिली दोन-तीन सेशन संगीत नकोच. आधी माणूस कळू दे, आणि त्यालाही तुम्ही कळू द्या. नंतरही पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये संगीत आठ ते बारा मिनिटांपेक्षा जास्त मी ठेवत नाही. आधी ० ते १० मध्ये आकडा विचारते, आत्ता अस्वस्थता किती. जोसेफ वोल्पे यांनी वर्तनोपचारासाठी ० ते १०० अशी मोजपट्टी आणली होती, मी तिची छोटी आवृत्ती वापरते. मग त्या माणसाच्या अवस्थेशी जुळणाऱ्या लयीवर सुरुवात. उतरायचं असेल तर एका वेळी तीन-चार ठोक्यांहून जास्त उतरत नाही आणि प्रत्येक पायरीवर मिनिटभर तरी थांबते. ९० वरून थेट ६० वर गेलात तर क्लायंटला आपण ढकलले गेलो असं वाटतं, आणि ढकललं जाण्याचा अनुभव घेऊनच तर बरेच जण आपल्याकडे आलेले असतात. श्वासाचं काम जोडायचं असेल तर मिनिटाला साधारण ६ श्वास ही गती बहुतेकांना मानवते. पण ती लादू नका. काहींना ७ बरं वाटतं, काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट गुदमरतं.

हेडफोनपेक्षा मी स्पीकर पसंत करते. हेडफोन घातला की माणूस त्याच्या खोलीत आणि मी माझ्या खोलीत. संगीत दोघांच्या मध्ये, दोघांना ऐकू येईल असं असलं की ते आमच्या नात्यात राहतं. आवाज गप्पांच्या पातळीच्या थोडा खाली. ब्लूटूथ स्पीकरला आवाज पोचायला थोडा उशीर लागतो. नुसतं ऐकायला त्याने काही बिघडत नाही, पण टेबलावर बोटांनी ताल धरायला सांगणार असाल तर तो उशीर बोचतो. वायरचा स्पीकर घ्या.

संगीत संपल्यावर लगेच बोलू नका. हा माझा सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला नियम आहे, आणि त्याला थोडा आधारही आहे. २००६मध्ये बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी संगीतकार आणि बिगर-संगीतकार अशा २४ जणांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवून हृदय, रक्तदाब आणि श्वास मोजले. द्रुत संगीताने श्वास आणि ठोके वाढले, ते अपेक्षितच होतं. पण मध्ये २ मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत शरीर संगीत सुरू होण्याआधीपेक्षाही जास्त सैलावलेलं आढळलं. मीही संगीत हळूहळू शून्यावर नेते आणि दोन मिनिटं गप्प बसते. नव्या समुपदेशकाला ही दोन मिनिटं फार लांब वाटतात. घड्याळ समोर ठेवा. पहिलं वाक्य क्लायंटचं असू दे.

कोणासाठी वापरू नये, याचं उत्तर परिस्थितीवर आहे, पण काही ठिकाणी मी स्पष्ट थांबते. आत्महत्येचा विचार तीव्र असताना संगीत बाजूला. तिथे सुरक्षिततेचं बोलणं, सोबत कोण आहे ते पाहणं आणि गरज पडेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे पोचवणं हेच काम. भास होत असतील, किंवा मॅनियाचा (मन आणि उत्साह बेलगाम उसळण्याचा) चढ असेल, तर ‘संगीत तुमचं मन वाचून बदलतंय’ ही कल्पनाच घातक ठरू शकते. यंत्र माझ्या मनातलं ओळखतं अशी ज्याची आधीच समजूत आहे, त्याला आपण पुरावा आणून द्यायचा का? फिट येत असतील तर संगीताने कधी आली होती का हे विचारा. संगीताने फिट येणं दुर्मीळ आहे, पण असतं. कानात सतत आवाज येण्याचा किंवा ठरावीक आवाज सहन न होण्याचा त्रास आहे का, हेही.

आघात सोसलेल्या लोकांबद्दल वर सांगितलंच. त्याच्या जवळचीच एक गोष्ट आहे, जी विसरली जाते. काही चिंताग्रस्त लोकांना सैल पडण्याचीच भीती वाटते. १९८०च्या दशकापासून संशोधनात याला नाव आहे, विश्रांतीतून उद्भवणारी चिंता. सावध राहणं हीच ज्यांची ढाल आहे, त्यांना संथ सूर ऐकू आले की ढाल काढून घेतल्यासारखं होतं. असा क्लायंट संगीत सुरू होताच घड्याळ बघतो, खुर्चीच्या काठावर येतो. त्याच्यासाठी लय उतरवू नका, मध्यम ठेवा, डोळे उघडे ठेवू द्या आणि दरवाजा दिसेल अशी खुर्ची द्या. आणि हो, काही माणसांना संगीत मुळीच भिडत नाही. त्यांच्यात बिघाड काही नसतो, संगीतातून आनंद मिळण्याची वाटच त्यांच्यात फारशी वाहती नसते. अशांना आग्रह करू नका.

उदास क्लायंट उदास गाणीच ऐकतात, ते थांबवावं का, असंही तुमच्या लिहिण्यात ओझरतं आलंय. नुसतं गाणं बघून सांगता येत नाही. सुवी सारिकालिओ आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये किशोरवयीन मुलांसाठी १३ प्रश्नांची एक प्रश्नावली आणली. तिच्यात काय ऐकता यापेक्षा संगीताचा वापर कसा करता यावर भर आहे. ऐकल्यावर मोकळं वाटतं, की तेच विचार पुन्हा पुन्हा दळले जातात? संगीत माणसांत जायला मदत करतं, की माणसांपासून लपायला? मी हे दोन प्रश्न थेट विचारते आणि पुढच्या आठवड्यात निरीक्षण करून यायला सांगते. आता फोनवर ऐकलेल्या गाण्यांवरून पुढची गाणी आपोआप लागत राहतात, म्हणजे क्लायंट घरी आधीच एका ‘जुळवून घेणाऱ्या’ सिस्टीमच्या ताब्यात असतो. ती मात्र त्याला आहे तिथेच धरून ठेवते. उदास गाण्यामागून उदास गाणं. आयसो तत्त्वाची फक्त पहिली पायरी, पुढच्या पायऱ्या गायब. एका मुलीने रात्रीचं ऑटोप्ले बंद केलं आणि पाच गाण्यांची स्वतःची यादी बनवली, पाचवं गाणं संपलं की फोन टेबलावर. आमच्या सगळ्या तंत्रज्ञानापेक्षा तिला याने जास्त झोप लागली.

रागांबद्दलही विचारणारे असतात: अमुक राग चिंतेवर, तमुक निद्रानाशावर. लय, पट्टी, आवाजाचा पोत, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्या माणसाची त्या सुरांशी असलेली जुनी ओळख, यांचा परिणाम मला रोज दिसतो. औषधाच्या चिठ्ठीसारखी रागांची यादी मात्र मी देत नाही. कुणाला जो राग पहाटेची प्रसन्नता देतो, तोच दुसऱ्याला त्या घरात घेऊन जातो जिथे सकाळी रेडिओवर तो लागायचा आणि मग भांडण सुरू व्हायचं.

पुरावा किती आहे, हे क्लायंटला प्रामाणिकपणे सांगता यायला हवं. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा नैराश्यासाठीच्या संगीतोपचारावर २०१७चा आढावा आहे. त्यात ९ अभ्यास आणि एकूण ४२१ माणसं. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर थोड्या काळासाठी लक्षणं जास्त कमी होतात, असा निष्कर्ष आहे. पण तो संगीतोपचाराबद्दलचा आहे, पट्टा आणि ॲपबद्दलचा नाही. लयीचा आधार देऊन पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सन्समध्ये चालणं सुधारण्याचं काम मायकल थाउट यांच्यासारख्यांनी १९९०च्या दशकापासून केलंय आणि तिथे बाजू बरीच भक्कम आहे. पावलं मोजता येतात, ठोका पावलाशी जुळला की नाही ते दिसतं. भावनेच्या बाबतीत असा ‘जुळला की नाही’ सांगणारा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे क्लायंट स्वतः. म्हणून मी क्लायंटला म्हणते, “हे बोलण्याला मदत करणारं साधन आहे. उपयोग झाला तर ठेवू, नाही तर सोडू.”

याच कारणाने, तुम्ही जे कराल त्याला ‘संगीतोपचार’ म्हणू नका. तो वेगळ्या प्रशिक्षणाचा व्यवसाय आहे. ‘समुपदेशनात संगीताचा वापर’ म्हणा, पुरेसं आहे. संगीत शिकलेलं नसलं तरी चालतं, मीही शिकलेली नाही. मात्र कान लागतो, आणि तो कमावता येतो. वापरणार असाल तो प्रत्येक आवाज आधी स्वतः आठवडाभर ऐका, दमलेले असताना, चिडलेले असताना. माझ्या पहिल्या संचात एक बासरीचा लेयर होता, दिवसा गोड वाटायचा. एका वाईट संध्याकाळी मी स्वतः तो ऐकला आणि दोन मिनिटांत असह्य झाला. त्यातला एक चढता सूर दर वेळी प्रश्न विचारल्यासारखा लटकत राहायचा. तो लेयर काढून टाकला.

पट्टा वापरणारच असाल तर संमतीपत्रात सगळं साध्या भाषेत लिहा: काय मोजलं जातं, कुठे साठतं, कोण पाहू शकतं, कधी पुसलं जातं. ॲप कंपनीच्या सर्व्हरवर हृदयाची नोंद जात असेल तर ‘या वेळेला हा माणूस समुपदेशकाकडे बसला होता’ हेही तिथे जातं. मी नाव न घालता, शक्यतो इंटरनेट बंद ठेवून चालणारीच सिस्टीम वापरते आणि सेशन संपल्यावर क्लायंटसमोर नोंद पुसते. ‘नको’ म्हणायला क्लायंटला कारण द्यावं लागू नये.

राहिला ऑनलाइनचा प्रश्न. जमतं, पण तुमच्या बाजूने संगीत पाठवून नाही. व्हिडिओ कॉलची ॲप्स बोलणं स्पष्ट यावं म्हणून बाकीचे आवाज गाळतात, आणि तानपुऱ्यासारखा अखंड सूर त्यांच्या लेखी पंख्याचा आवाज असतो. तो कापला जातो, तुटत तुटत पोचतो, आणि तुम्ही इकडे निवांत ऐकत असता. मला हे कळलं तेव्हा क्लायंटने बिचाऱ्याने सहा मिनिटं खरखर ऐकली होती, मला वाईट वाटू नये म्हणून बोलला नाही. काही ॲप्समध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचं सेटिंग असतं, पण कनेक्शन डळमळीत असलं की त्याचाही भरवसा नाही. त्यापेक्षा लेयरच्या फाइल आधी पाठवून ठेवा, क्लायंटने त्या आपल्याच बाजूला, कॉल चालू नाही अशा दुसऱ्या उपकरणावर वाजवाव्यात, आवाज त्याने स्वतः कमी-जास्त करावा आणि तुम्ही कॉलवर फक्त त्याचा चेहरा आणि हात दिसतील असा कॅमेरा ठेवायला सांगा. हात नक्की दिसू द्या.